इंजिन बांधायचं की बदलायचं?

देवगाव रंगारीत कुणाचं इंजिन बसलं असं कळलं की आधी ट्रॅक्टरच डोळ्यापुढे येतो. कन्नड तालुक्याच्या या पट्ट्यात मका, कपाशी आणि आल्याच्या शेतीवर वर्षाचं गणित चालतं. ट्रॅक्टरचं 'हाफ इंजिन' करायचं की 'फुल', हा निकाल इथला मेकॅनिक चहा संपायच्या आत देतो. हाफ म्हणजे क्रँक जागेवर ठेवून हेड आणि ऑईल चेंबर उतरवायचं आणि पिस्टन, रिंगा, लायनर, रॉडच्या बेअरिंग बदलायच्या. फुल म्हणजे क्रँकसकट सगळं खाली. ट्रॅक्टरमध्ये निकाल इतका झटपट लागतो, कारण बहुतेक ट्रॅक्टरांच्या ब्लॉकमध्ये लायनर वेगळे बसवलेले असतात. झिजले की ओढून काढायचे आणि किटमधले नवे टाकायचे.

स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला हा हिशोब तसाच लावता येत नाही. आणि अशी गाडी या जिल्ह्याला अगदीच परकीही नाही. संभाजीनगर शहराच्या पलीकडे, जालना रोडवर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला. स्कोडाच्याच ऑक्टाव्हियाची आरएस ही चपळ आवृत्ती २००४ मध्ये भारतात आली. १७८१ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो आणि १५० अश्वशक्ती. फरारीवाले तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत, पण त्या काळात एवढ्या पैशात इतकी पळणारी दुसरी गाडी शोधावी लागायची. आज तीच गाडी जुन्या बाजारात साध्या हॅचबॅकच्या भावात मिळते, म्हणून हौशी तरुण घेतात. इंजिन बसलं की मात्र त्या भावाचा अर्थ कळतो. पुढचं सगळं ही गाडी डोळ्यापुढे ठेवूनच लिहितो.

पहिला प्रश्न खर्चाचा नाही. इंजिन कशाने गेलं, हा आहे. कारण न शोधता नवं इंजिन बसवलं तर तेच कारण त्याचाही घास घेतं.

या इंजिनात ठरलेली कारणं चार-पाचच. टायमिंग बेल्ट तुटला किंवा त्याचा टेन्शनर गेला, तर पिस्टन वर येतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकवतो. एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत, त्यामुळे हेडचं काम महाग पडतं, पण खालचं इंजिन पुष्कळदा धडधाकट असतं. इथे पूर्ण इंजिन बदलायचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या गॅरेजात जावं. दुसरं कारण गरम होण्याचं. बेल्टवरच फिरणाऱ्या वॉटर पंपाचा पंखा काही पंपांमध्ये प्लास्टिकचा असायचा. तो तडकला की पाणी फिरत नाही, काटा चढतो आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. तिसरं, पावसाळ्यात भरलेल्या नाल्यातून गाडी घालणं. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. गाडी बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल मारला तर नुकसान आणखी वाढतं.

चौथं कारण सगळ्यात वाईट, ते म्हणजे ऑईलचं. उशिरा बदललेलं किंवा हलकं ऑईल टर्बोच्या उष्णतेने जळतं, त्याचा काळा गाळ होतो आणि चेंबरमधली ऑईल ओढणारी जाळी बुजते. याच घराण्याच्या इंजिनावर अमेरिकेत पसाट गाड्यांमध्ये हा गाळ इतका गाजला की फोक्सवॅगनला २००४ मध्ये तिथली वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली. जाळी बुजली की ऑईलचा लाल दिवा लागतो. सेन्सर खराब असेल म्हणत चालक आणखी वीस किलोमीटर रेटतो. तेवढ्यात क्रँकच्या बेअरिंगचा निकाल लागतो.

आता गाडी न खोलता काय कळतं ते पाहू. आधी डिपस्टिक आणि ऑईलचं झाकण. ऑईलला दुधाळ चहाचा रंग आला असेल तर पाणी मिसळलंय. धूर निळा असेल तर ऑईल जळतंय आणि दाट पांढरा, थांबत नसलेला असेल तर कूलंट. मग कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून सेल मारायचा. चांगल्या तब्येतीच्या अशा इंजिनात साधारण ९ ते १४ बार दाब मिळतो. ७ च्या खाली गेला किंवा दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक आला तर आत गडबड आहे. बेल्ट तुटलेला असेल तर मात्र सेल मारूच नये.

गेज फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतं. तो कुठून सुटतोय, हे लीक टेस्टमध्ये कळतं. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान लावायचा. इनटेकमध्ये सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट. डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंगा किंवा बोअर. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. अर्ध्या तासात होणारी ही चाचणी कितीतरी गॅरेजांमध्ये होतच नाही. ती करायला सांगावी, थोडा वाद झाला तरी चालेल.

शेवटी ऑईल फिल्टर. तो कापून, आतला घड्यांचा कागद एका पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडायचा आणि उन्हात धरायचा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. चांदीसारखं, पण चुंबकाला न चिकटणारं म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस, सोनेरी चमक दिसली तर बेअरिंग तांब्याच्या थरापर्यंत गेली. असं झालं तर गाडी पुन्हा सुरू करून आवाज ऐकत बसू नये. देवगावातून वेरूळमार्गे शहरापर्यंत ती टो करूनच न्यावी.

शहरात गेल्यावर गाडी खोलायला देताना एक अट घालावी. खोलण्याचे आणि मोजण्याचे पैसे वेगळे ठरवून द्यायचे आणि निर्णय मोजमापांनंतर घ्यायचा. 'एकदम सगळं मिळून' सांगितलेल्या आकड्यात मालकाचा पर्याय संपतो. इंजिन सुटं होऊन पडलंय, आता परत कसं नेणार, अशा अवस्थेत कोणी चांगला सौदा करत नाही.

मोजायचं काय? हेडचा तळ सरळ आहे की नाही, हे पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेजने पाहतात. ०.१ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो, त्यापुढे हेड फेसिंगला द्यावं लागतं. किती घासता येईल यालाही मर्यादा आहे, कारण हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. व्हॉल्व्ह सीटांच्या मधे तडे आहेत का, हे हेड धुतल्याशिवाय दिसत नाही.

मग ब्लॉक. बोअरच्या वरच्या टोकाशी, जिथे रिंग पोचत नाही, तिथे नख फिरवून पाहायचं. नख अडलं तर तिथे पायरी पडलीय, म्हणजे खाली बोअर झिजलाय. पण नखाचा निकाल अंतिम नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना मापं घ्यावी लागतात. या गाडीचा मूळ बोअर ८१ मिलिमीटर आहे आणि ब्लॉक बिडाचा आहे. ही मोठी सोय. बिडाचा ब्लॉक अर्धा मिलिमीटर मोठा बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकता येतात. लायनरची सोय नसली तरी ही एक वाट उरते. नव्या काळातल्या पुष्कळ स्पोर्ट्स कारना तीही नाही. पोर्शच्या कित्येक गाड्यांमध्ये सिलिंडरची भिंत ॲल्युमिनियममध्येच सिलिकॉनचे कण घालून घडवलेली असते. तिला ओरखडे गेले तर ते काम साध्या बोअरिंग मशीनवर होत नाही. तिथे नवं इंजिन किंवा परदेशातली खास दुरुस्ती हाच मार्ग राहतो. म्हणून 'अमुक गाडीचं बांधलं होतं, तुमचंही होईल' या आश्वासनाआधी ब्लॉक कशाचा आहे, हे विचारावं.

बोअरिंगमध्ये एक चूक वारंवार होते. ब्लॉक आधी बोअर करतात आणि पिस्टन नंतर मागवतात. क्रम उलटा हवा. पिस्टन हातात आले की ते मोजायचे आणि त्यांच्या मापाने बोअर करायचा. पिस्टन आणि भिंत यांच्यात या इंजिनात जेमतेम पाच शतांश मिलिमीटरची जागा लागते. ती चुकली तर पिस्टन धरतो किंवा खडखडतो. बोअर झाल्यावर होनिंगने आडव्या-तिरप्या रेघा पाडतात. त्या रेघांत ऑईल टिकतं आणि नव्या रिंगा त्यावरच बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान असतो, पण त्यात रिंगा बसतच नाहीत.

क्रँक हा शेवटचा न्यायाधीश. बेअरिंग घासल्याची निशाणी जर्नलवर राहते. निळा डाग पडला असेल तर तिथे प्रचंड उष्णता झालीय. क्रँक ग्राइंड करून एक साईज खाली, म्हणजे ०.२५ मिलिमीटर कमी करता येतो. गॅरेजात त्याला टेन, ट्वेंटी, थर्टी म्हणतात. टेनपर्यंत निर्धास्त, ट्वेंटीला विचार करावा. थर्टीला मी नको म्हणेन, टर्बोच्या इंजिनात तर नाहीच. ग्राइंडिंगआधी चुंबकीय पूड टाकून तडे पाहिलेच पाहिजेत. जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई ग्राइंडरने कापली तर पुढे तिथूनच तडा जातो. बेअरिंग जागेवरून फिरली असेल तर रॉडचं मोठं तोंडही ताणलेलं असतं, तेही मोजायचं. रॉडचे आणि हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते आवळताना ताणले जातात, जुने परत घालू नयेत.

या मापांनंतर निर्णय बहुधा आपोआप पुढे येतो. फक्त हेड गेलं असेल तर हेडचं काम. बोअर आणि क्रँक एका साईजमध्ये बसत असतील तर इंजिन बांधावं. ब्लॉकला खिडकी पडली असेल, म्हणजे रॉड बाहेर आला असेल, किंवा क्रँक वाकला असेल, तर इंजिन बदलावं. वेल्डिंग करून ब्लॉक जोडणारे कारागीर आहेत. ट्रॅक्टरच्या ब्लॉकला तशी जोड लावून वर्षानुवर्षं काम घेतलेलं आहे. पण टर्बोच्या दाबाखाली उच्च फेऱ्यांवर फिरणाऱ्या इंजिनावर मी ती पैज लावणार नाही.

बदलायचं ठरलं तर कुठलं आणायचं? कंपनीचं नवं, संपूर्ण इंजिन या वयाच्या गाडीला मिळेलच असं गृहीत धरू नये. उरतं ते जुनं इंजिन, आणि त्यासाठी पावलं मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतात. तिथे एक फसवणूक हमखास होते. 'सेम इंजिन आहे, ऑडीचं' असं सांगतात. ऑडी ए-४ आणि पसाटमध्ये याच घराण्याचं इंजिन उभं बसवलेलं असतं, ऑक्टाव्हियात आडवं. माउंटिंग, चेंबर आणि पाइप वेगळे असतात. ते ऑक्टाव्हियात जसंच्या तसं बसत नाही.

जुनं इंजिन घेताना ते गाडीत चालू असताना ऐकायला मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर निदान वरचं कव्हर उघडून गाळ पाहावा, शक्य असेल तर कॉम्प्रेशन घ्यावं आणि किती दिवसांची परतबोली आहे ते बिलावर लिहून घ्यावं. बिल नसेल तर इंजिन नको, मग ते कितीही स्वस्त असो. चोरीच्या गाडीचं इंजिन घेतलं तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतात, विकणाऱ्याला नाही. आणि ते आणल्यावर तसंच बसवू नये. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सील आणि चेंबरची जाळी हे सगळं इंजिन बाहेर असतानाच बदलायचं. नंतर तेच काम करायला दुप्पट मजुरी पडते.

बांधा किंवा बदला, जुन्या इंजिनाचा भुगा सगळीकडे गेलेला असतो. ऑईल कूलर धुऊन साफ होत नाही, तो नवाच घालावा. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून खेळ तपासावा, त्याची ऑईलची नळी बदलावी. इंटरकूलर आणि पाइप धुवावेत. म्हणून दोन्ही मार्गांची तुलना करताना एकीकडे 'इंजिनची किंमत' आणि दुसरीकडे 'बांधणीचा खर्च' मांडून चालत नाही. समजा बांधणीला सव्वा लाख सांगितले आणि जुन्या इंजिनाला सत्तर हजार. त्या सत्तर हजारांत बेल्टचा सेट, पंप, कूलर, सील, वाहतूक आणि उतरवण्या-बसवण्याची मजुरी मिळवा. आकडे जवळ येतात, आणि आतल्या क्रँकची अवस्था तरीही कुणाला ठाऊक नसते. त्यामुळे मापं बरी आली असतील तर माझा कल बांधण्याकडेच आहे. निदान आत काय आहे, ते आपण पाहिलेलं असतं.

खर्चाआधी आरसी बुकही उघडावं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००४ च्या गाडीचं २०१९ ला झालं, २०२४ ला झालं, आता २०२९ ला पुन्हा तपासणी आणि पर्यावरण कर. ती पुढे ठेवायचीच नसेल तर एवढं मोठं काम करण्यात अर्थ नाही.

इंजिन बांधलं आणि ब्लॉक तोच राहिला तर इंजिन नंबर तोच राहतो, कागदांची भानगड नाही. बदललं तर नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर वित्त संस्थेची लेखी संमतीही लागते. एमएच-२० च्या गाडीची ही नोंद संभाजीनगरच्या आरटीओत होते. इंजिनाचं बिल त्या वेळी मागितलं जातं, आणि नवा नंबर विमा कंपनीलाही कळवावा लागतो, नाहीतर अपघाताच्या दाव्यात पॉलिसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही.