उपनगरांतील तळीं : नौकाविहार व गळाची मासेमारी

पाणी पिकासाठीं व पिण्यासाठीं, एवढाच विचार आपण शेतकरी लोक बहुधा करितों. परंतु कांठावर बसून गळ टाकणें किंवा लहानशा होडींतून वल्हें मारीत फिरणें, ही करमणूकहि मनुष्यास फार प्राचीन काळापासून प्रिय आहे. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड व बोरिवली यांच्यामधल्या डोंगराळ भागांत विहार, तुळशी व पवई अशीं तीन तळीं आहेत. त्यांची हकीकत पाहिली असतां या करमणुकीस काय काय लागतें हें चांगलें कळून येतें. आणि ज्यांच्या गांवीं तळें अथवा पाझर तलाव आहे, त्यांस त्यापासून घेण्यासारखा बोध पुष्कळ आहे.

विहारचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६० सालीं तेथील पाणी नळानें मुंबईस येऊं लागलें. तुळशीचें तळें १८७९ सालीं पुरें झालें. पवईचें तळें १८९० च्या सुमारास, मिठी नदीस मिळणारा एक प्रवाह अडवून बांधण्यांत आलें. हा भाग पूर्वीं फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांच्या पवई इस्टेटींत मोडत असे, व त्यांनीं तेथें ऊस, नीळ, तुती अशा पिकांचे प्रयोग केले होते. पवईचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. म्हणून तें कारखान्यांकडे व आरे वसाहतीकडे वळविण्यांत आलें.

या एका गोष्टीनें तिन्ही तळ्यांचें भवितव्य निराळें झालें. विहार व तुळशी हीं पिण्याच्या पाण्याचीं तळीं असल्यानें तीं जंगलांत राखून ठेविलेलीं आहेत. तेथें सर्वसाधारण लोकांस होडी किंवा गळ नेण्याची मोकळीक नाहीं. पवईस मात्र महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन या संस्थेचे सभासद गळाची मासेमारी करीत आले आहेत.

गळ टाकणाऱ्यास माशांच्या संवयी माहीत असाव्या लागतात. कटला हा पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, व मृगळ तळाशीं गाळांत अन्न शोधतो. म्हणून गळ किती खोल सोडावा हें कोणता मासा हवा यावर अवलंबून आहे. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हे तिन्ही मासे पावसाळ्यांत नदीच्या वाहत्या पाण्यांत अंडीं घालतात. बांधलेल्या स्थिर तळ्यांत त्यांची वीण सहसा होत नाहीं. पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतूनच गोळा करावें लागे. १९५७ सालीं हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनीं माशास पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून वीण घडवून आणण्याची रीत यशस्वी केली, तेव्हांपासून बीज केंद्रांत तयार होऊं लागलें. तात्पर्य, तळ्यांतून काढलेल्या माशाची जागा आपोआप भरून येत नाहीं. जो बीज सोडतो त्यासच मासा मिळतो. आणि हातीं आलेला लहान मासा परत सोडणें ही दया नसून हिशेब आहे.

आतां संकटांकडे वळूं. पवई व विहार येथें मगरी आहेत. तेव्हां पोहण्याचा मोह कोणीं धरूं नये, व होडींत तरंगण्याचें जाकीट घातल्याखेरीज कोणीं बसूं नये. परंतु पवईस मगरीपेक्षां जलपर्णीची भीति अधिक आहे. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील. वस्त्यांचें सांडपाणी तळ्यांत उतरलें कीं त्यांतील नत्र व स्फुरद खाऊन ती खतावरच्या तणाप्रमाणें माजते. तिच्या आच्छादनाखालीं प्रकाश पोंचत नाहीं, पाण्यांतील प्राणवायु घटतो, आणि मासे मरूं लागतात. होडीचें वल्हेंहि तींत अडकतें. महानगरपालिका यंत्रें लावून ती उपसते. परंतु सांडपाणी बंद केल्यावांचून केवळ उपसा करणें म्हणजे हरळीचे शेंडे कापून मुळ्या शेतांत ठेवण्यासारखें आहे.

कांठाचाहि प्रश्न तितकाच मोठा आहे. पवईच्या कांठानें सायकलचा मार्ग बांधण्याचें काम महानगरपालिकेनें काढलें होतें. मे २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तें बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत् करण्याचा हुकूम दिला. करमणुकीसाठीं कांठ बुजविला तर करमणुकीचें मूळच नाहींसें होतें, हें त्यांतून ध्यानांत घ्यावें. शिवाय तळ्याचा संबंध कांठापाशीं संपत नाहीं. विहार व पवई येथील सांडव्याचें पाणी मिठी नदींत जातें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां अरुंद झालेल्या त्या नदीनें आपली जागा परत मागितली व शेंकडों माणसें प्राणास मुकलीं.

आपल्या गांवच्या तळ्यावर होडी किंवा गळ यांची सोय करूं पाहणाऱ्या मंडळींनीं क्रम असा ठेवावा. प्रथम गांवचें गटार तळ्यापासून दूर वळवावें. दुसरें, कांठाची व सांडव्याची हद्द मोजून खुणा रोवाव्या, व त्यांच्या आंत बांधकाम होऊं देऊं नये. तिसरें, ज्या कोळी, भोई अथवा आदिवासी कुटुंबांचें पोट त्या पाण्यावर आहे, त्यांचा हक्क आधीं लेखीं मान्य करावा. हौसेचा गळ पोटाच्या जाळ्याच्या आड येतां कामा नये. चवथें, दर पावसाळ्यांत बीज सोडावें, व तें कोणत्या जातीचें आहे हें पाहून घ्यावें. बंदी असलेल्या आफ्रिकी मांगुराचें बीं चुकूनहि पाण्यांत पडूं देऊं नये, कारण तो इतर मासे खाऊन टाकतो. एवढें झाल्यावर मग होडी बांधावयास द्यावी. होडीचा खर्च या सर्वांत लहान आहे, आणि तोच आधीं करण्याकडे लोकांचा कल असतो.