पावतीवरचा कँटर

त्रामागाल पुढच्या आठवड्यात. पोर्तुगालमधला कँटरचा तो कारखाना दाखवायचं कबूल केलं होतं खरं, पण नाशिकच्या एका वाचकांनी मध्येच हात दाखवून गाडी थांबवली. ते रणथंबोरला गेले होते. जिप्सी मिळाली नाही, म्हणून वीस जणांच्या उघड्या गाडीत बसले. वाघ काही दिसला नाही. पावतीवर मात्र ‘कँटर’ असं दिसलं, आणि गाडीवर त्या नावाचं एक अक्षरही नव्हतं. ‘तुम्ही इतके आठवडे ज्याच्याबद्दल लिहिताय, तो हाच का?’

गाडी तीच असेल असं नाही. नाव मात्र तेच.

इंग्रजीत कँटर म्हणजे घोड्याची दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल. मित्सुबिशीने १९६३ साली आपल्या छोट्या ट्रकला हे नाव दिलं. आपल्याकडे तो १९८६ मध्ये आला, इंदूरजवळच्या पीथमपूरहून, आयशरच्या कारखान्यातून. मित्सुबिशी-आयशर करार १९९४ मध्ये संपला, पण तोवर उत्तरेत नाव रुळलं होतं. दिल्लीच्या मंडीत भाजी उतरवणारा त्या मापाचा कुठलाही ट्रक कँटरच, मग कंपनी कुठली का असेना. मागे बाकं बसवून वर छप्पर ठेवलं नाही, की जंगलातला कँटर.

महाराष्ट्रात मात्र जपानी नाव मागे पडलं आणि ‘आयशर’ चिकटलं. ‘घाटात आयशर टेम्पो उलटला’ ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली. या दोन शब्दांवर माझा फार जीव आहे. आयशर हे बव्हेरियातल्या ट्रॅक्टर बनवणाऱ्या भावांचं आडनाव. टेम्पो ही हॅम्बुर्गच्या कंपनीची तीनचाकी. फिरोदियांनी ती भारतात आणली आणि मराठीने तिचं सामान्यनाम करून टाकलं. म्हणजे गाडीचा मूळ आराखडा जपानी, कारखाना माळव्यातला, आणि नाव दोनदा जर्मन. त्यात कांदे लासलगावचे!

केनियात पुन्हा कँटरच. तिथे या गाड्या मोंबासात जुळवल्या जातात, आणि वर्तमानपत्रं हा शब्द इंग्रजीतही पहिलं अक्षर लहान ठेवून छापतात. विशेषनामाचं सामान्यनाम झाल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

पण खरी गंमत इंडोनेशियात. तिथे हाच ट्रक ‘कोल्ट डीझेल’ म्हणून विकला गेला. कोल्ट म्हणजे शिंगरू; मित्सुबिशीच्या तबेल्यातून घोडा काही सुटत नाही. केबिन पिवळी, म्हणून लाडाचं नाव ‘कपाला कुनिंग’, पिवळ्या डोक्याचा. तो इतका खपला, की मालवाहतुकीचं मापच बनून गेला. सीडीई म्हणजे ‘कोल्ट डीझेल एंगकेल’, चार चाकांचा. एंगकेल हा डचांनी मागे ठेवलेला शब्द, अर्थ ‘एकेरी’. सीडीडी म्हणजे ‘डबल’, मागे जोडचाकं, एकूण सहा. गोदामवाला फोनवर ‘एक सीडीडी पाठवा’ एवढंच म्हणतो, त्यात माल किती मावणार ते आलंच. इसुझुवालाही येतो, हिनोवालाही येतो, आणि भाड्याच्या यादीत स्वतःच्या गाडीपुढे मुकाट्याने प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहितो.