चंद्रपूरच्या उन्हात हायब्रिडचा एसी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीत पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. अशा दुपारी मूल, सावलीमार्गे गडचिरोलीला निघालेल्या हायब्रिड गाडीत एसी कसा वापरावा, हे कळायलाच हवे.

ग्रँड व्हिटारा किंवा हायक्रॉस या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (जी काही वेळ फक्त विजेवरही धावते) एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद झाले, तरी गारवा टिकतो. बॅटरी उतरली की मात्र इंजिन आपोआप सुरू होते आणि पेट्रोल जळते. माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे मोटर इंजिनला फक्त हातभार लावते) बहुधा इंजिनच्या पट्ट्यावरचाच कॉम्प्रेसर असतो; तिथे ही सोय नाही.

म्हणून एसीवरचा ताण कमी ठेवण्यासाठी आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मग आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. तापमान १८वर नेण्याचा मोह टाळून २४-२५वर ठेवावे.

आणखी एक महत्त्वाचे. अनेक हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड ठेवली जाते. त्या जाळीपुढे पिशव्या रचू नयेत.