कण्हसेलाची चारिका : पूर्वतयारी

पावसाळा सरला की दादर, नायगाव, परळ, लालबाग या भागांतील उपासक-उपासिकांना कान्हेरीच्या लेण्यांचे वेध लागतात. गाडी कोणती पकडावयाची, डबे कोणी आणावयाचे, वर्गणी किती ठेवावयाची, याची चर्चा आठवडाभर आधी होते. मात्र मनाची आणि वर्तनाची जी तयारी हवी, तिचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तेवढ्याचेच विवेचन करावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, बौद्धाने डोंगराची यात्रा करावीच का? धम्मपदाच्या बुद्धवग्गात भयापोटी पर्वतांना आणि वनांना शरण जाणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. अशा शरणाने त्याची दुःखातून सुटका होत नाही, असा स्पष्ट निर्वाळाही तेथे दिला आहे. परळच्या नरे पार्कवर २४ मे १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारण्याचा आपला निर्णय जाहीर केला. त्या परळच्या माणसाने कान्हेरीच्या स्तूपापुढे नवस बोलावा, हे त्या निर्णयाशी विसंगत ठरेल. डोंगर कोणाला पावत नाही.

तथापि महापरिनिब्बानसुत्तात तथागतांच्या जीवनाशी निगडित चार स्थाने दर्शनीय आणि संवेग उत्पन्न करणारी म्हटली आहेत, आणि तेथेच ‘चेतियचारिका’ हा शब्दही आला आहे. संवेग म्हणजे अनित्यतेच्या जाणिवेने मनाला बसणारा हादरा आणि त्यातून येणारी प्रयत्नाची ओढ. कान्हेरी त्या चार स्थानांपैकी नव्हे. परंतु चारिकेचा हेतू तोच ठेवता येतो.

तेव्हा पहिली तयारी ज्ञानाची. कान्हेरीचे शिलालेखांतील नाव ‘कण्हसेल’, म्हणजे काळा खडक. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. ती एकट्या राजाच्या खजिन्यातून झाली नाहीत. कल्याण आणि सोपारा येथील व्यापारी व कारागीर यांची नावे दात्यांमध्ये आढळतात. चैत्यगृह पाहून परत न फिरता क्रमांक ११ च्या लेण्यातील दगडी बाकांच्या दोन लांब रांगाही पाहाव्यात. पायऱ्या, पाण्याची टाकी, बसण्याचे ओटे पाहिले म्हणजे येथे संघ नांदत होता, हे ध्यानात येते.

दुसरी तयारी वर्तनाची. विनयपिटकातील चुल्लवग्गात वत्तक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. विहारात येणाऱ्या भिक्खूने कसे वागावे, हे त्यातील आगन्तुकवत्तात सांगितले आहे. आरामात शिरण्यापूर्वी त्याने वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, डोके उघडे करावे आणि घाई न करता आत जावे. पिण्याचे पाणी कोणते व वापरावयाचे कोणते, हे विचारून घ्यावे. संघाने केलेले ठराव काय आहेत, कोणत्या वेळी आत यावे व बाहेर जावे, हेही विचारावे. कण्हसेलाच्या लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पानीयपोढि’ म्हटले आहे. असे टाके दान देणाऱ्याच्या भावनेची बूज राखावयाची, तर त्यात हातपाय धुणे किंवा उष्टे टाकणे आपल्या हातून घडता कामा नये.

व्यावहारिक बाबी थोड्याच आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे ६ ते ७ किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. पायी जाणार असाल तर आधी आठ-दहा दिवस रोज चालण्याचा सराव ठेवावा. पायऱ्या ओल्या असताना निसरड्या होतात, म्हणून तळ धरणारी पादत्राणे घालावीत. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. माकडांपुढे खाद्यपदार्थ उघडू नयेत. वृद्धांच्या चालीने सर्वांनी चालावे. निघण्यापूर्वी विहारात त्रिसरण-पंचशील ग्रहण करावे आणि ते दिवसभर पाळावे.

त्याच प्रकरणातील गमिकवत्त निघणाऱ्या भिक्खूसाठी आहे. लाकडी व मातीची भांडी नीट ठेवून, दारे-खिडक्या लावून, निवासाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवून मग त्याने निघावे. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की, आपण नेलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक पिशवी आपल्याबरोबर परत यावी.

शेवटी एक गोष्ट. लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे अनेक ठिकाणी दिसतात. त्यांत आपल्या मुलांची भर पडू नये. कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराचेही नाव या डोंगरावर कोरलेले आहे. त्या लेखात त्याचे दानही नोंदवले आहे : ‘पथ’, म्हणजे वाट. एका कारागिराने इतरांच्या पायांखाली वाट दिली, म्हणून त्याचे नाव आपण आज आदराने वाचतो. घरून निघण्यापूर्वी मुलांना ही हकीकत सांगावी. मग भिंतीला हात लावू नका, हे त्यांना वेगळे बजावण्याची गरज बहुधा पडणार नाही.