विहिरीला पेट्रोलचा वास आला तर

विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, पेट्रोलचा वास आला, की घरोघरी सल्ला ठरलेला असतो: पाणी उकळून प्या. एरवी तो योग्यच. येथे मात्र घातक. पेट्रोलमधील बेंझिन उकळताना वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास ते अस्थिमज्जेला इजा करते. रक्तक्षय, प्रसंगी रक्ताचा कर्करोगही होतो. तुरटीने किंवा क्लोरीनने ते जात नाही.

मग पेट्रोल मुरलेली जमीन साफ कशी होते? चक्क हवेने! पेट्रोल हलके, म्हणून ते भूजलावर तरंगते. हा थर आधी उपसून काढतात. मग बोअर घेऊन कॉम्प्रेसरने पाण्याच्या पातळीखाली हवा सोडतात. वर येणारे बुडबुडे विरघळलेले बेंझिन सोबत आणतात. ती हवा ओढून घेऊन कोळशाच्या गाळणीतून सोडावी लागते. नाहीतर तीच वाफ जोत्यातून घरात शिरायची.

दुसरे काम मातीतल्या जीवाणूंचे. तेल हे त्यांचे अन्न, पण त्यासाठी प्राणवायू हवा. अमेरिकेत यूटा राज्यातील हिल हवाई तळावर १९८५ मध्ये सुमारे एक लाख लिटर विमानाचे इंधन सांडले. इंधनाची वाफ ओढून काढण्यासाठी १९८८ पासून जमिनीत हवा खेळवली, तेव्हा बरेचसे इंधन जीवाणूंनीच फस्त केल्याचे आढळले. डिझेल सहज उडून जात नाही. तेथे मुख्य भिस्त यांच्यावरच.

आपले मानपाडा ठाण्यातले असो वा डोंबिवलीतले, खाली मुरूम आणि काळा कातळ. वाळूत हवा सर्वत्र पसरते. कातळात ती भेगेची वाट धरते आणि शेजारचा भाग तसाच राहतो. खाडीकडील चिकणमातीतही तीच अडचण. म्हणून आधी लहान चाचणी हवी. या कामाला महिने, कधी वर्षे लागतात. पंधरा दिवसांत विहीर स्वच्छ करून देणारा भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

वास येताच पिणे, स्वयंपाक, आंघोळ सारे बंद करावे. विहिरीत काडी पेटवून डोकावू नये, मोटारही चालू करू नये. महापालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. पुढे वास गेला तरी घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला ते कळते त्याच्या कितीतरी पट झाल्यावर. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत नळाचेच पाणी वापरावे.