सलाइनच्या आधीची पुडी

जून २०२४. नांदेड जिल्ह्यातल्या मुगाव तांड्यावर विहिरीचं दूषित पाणी पिऊन दोन दिवसांत नव्वदहून अधिक माणसांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तांड्याची वस्ती जेमतेम साडेचारशेची. मराठवाड्याला हे नवीन नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, टँकर फिरू लागतात आणि पहिल्या पावसासोबत शिवारातली घाण विहिरीत उतरते. लातूरला तर एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घागरभर पाण्यात घर चालवायचं म्हटल्यावर हात धुणं मागंच पडणार.

दवाखान्यात पोचताच नातेवाइकांचा पहिला आग्रह ठरलेला असतो: ‘डॉक्टर, सलाइन लावा!’

बहुतेक रुग्णांचं काम पुडीवर भागतं. जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, पुडीत असतं तरी काय? साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी भळाभळा बाहेर पडतं, पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारं प्रथिन तेव्हाही शाबूत राहतं. हे दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागून जातं. नुसतं मीठपाणी पाजून हे साधत नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचं: मोठी पुडी एक लिटर पाण्यात, एकाच वेळी, पूर्ण. पेल्यात अंदाजानं चिमूट टाकली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपायच होतो. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचं.

या उपायाची खरी परीक्षा १९७१मध्ये झाली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या आप्तांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये, मरणोत्तर.

पुडीचा जोडीदार झिंक. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, असं चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्या डब्यात पडून राहतात. वास्तविक पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते ती पूर्ण मात्रेमुळंच.

मेडिकलवर मात्र भलतंच खपतं. प्रतिजैविकं लागतात ती शौचातून रक्त पडत असेल किंवा तीव्र कॉलरा असेल तेव्हा. रोटाव्हायरस विषाणू, त्याच्यावर ती चालतच नाहीत. जुलाब ‘बांधणारं’ लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नये, त्यानं आतड्याची हालचालच मंदावते. सलाइनची जागा आहेच: पोर सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणीही पिईना, तर क्षणही दवडू नये.

दुकानातल्या रंगीत खोक्यांची गोष्ट आणखी वेगळी. नावात ‘ओआरएस’, आत भरमसाट साखर. अशा साखरेनं जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली ती थेट ऑक्टोबर २०२५मध्ये.