घरचा स्वरसंग्रह आणि संगणकावरील प्लेअर

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची झाली, म्हणजे आपल्याकडे पुष्कळ विचारविनिमय होतो. पंखा असो, शिलाईचे यंत्र असो की स्वयंपाकघरातील मिक्सर असो, चार दुकाने पालथी घातली जातात, शेजाऱ्यांचा अनुभव विचारला जातो आणि मगच पैसे मोजले जातात. परंतु ज्या साधनाच्या योगे आपण संगणकावर गाणी ऐकतो व चित्रपट पाहतो, त्या प्लेअरची निवड मात्र क्वचितच कोणी विचारपूर्वक करतो. संगणकाबरोबर जो आला तो वापरावयाचा, आणि तो अडला तर कोणा तरुण नातलगाने सांगितलेला दुसरा बसवून घ्यावयाचा, अशीच सर्वसाधारण रीत आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची पारख ती काय करावयाची, असा त्यामागील समज असतो.

हा समज बरोबर नाही. आज बहुतेक घरांत ध्वनी व चित्रे यांचा लहानमोठा संग्रह साठलेला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची व्हीसीडी, मुलांचे बोबडे बोल, एखाद्या खाजगी मैफलीचे ध्वनिमुद्रण, आता हयात नसलेल्या आजोबांनी सांगितलेली गावाकडची हकीकत, असा कितीतरी ऐवज त्यात असतो. विकत घेतलेले गाणे हरवले तर पुन्हा मिळेल. हा ठेवा मात्र कोणत्याही बाजारात मिळणार नाही. तो पुढील पिढीला उघडता येईल की नाही, हे आपण तो कोणत्या स्वरूपात ठेवतो आणि कोणत्या साधनावर विसंबतो, यावर अवलंबून आहे.

पेटी आणि आतील ऐवज

प्लेअर एखादी फाइल उघडीत नाही, तेव्हा ती खराब झाली असे आपण समजतो. पुष्कळदा ती सुस्थितीत असते; प्लेअरलाच तिची भाषा कळत नाही. चलच्चित्राची फाइल ही एक पेटी आहे असे समजावे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही पेट्यांची नावे होत. पेटीत चित्र, ध्वनी व कधीकधी उपशीर्षके अशा निरनिराळ्या वस्तू ठेवलेल्या असतात, आणि त्यांतील प्रत्येक वस्तू जागा वाचविण्यासाठी विशिष्ट पद्धतीने घडी घालून दाबलेली असते. घडी घालण्याच्या व उलगडण्याच्या ह्या पद्धतीस कोडेक म्हणतात. म्हणूनच एमपी४ नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते व दुसरी चालत नाही, असा अनुभव येतो: पेटी एकच असली, तरी आतील घडी निराळी असते.

सन २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक आज जवळजवळ सर्वत्र चालतो. त्यानंतर २०१३ साली आलेला एचईव्हीसी कमी जागेत तेवढेच सुस्पष्ट चित्र देतो, आणि अनेक नवे फोन त्याच पद्धतीने चित्रण करतात. परंतु विंडोजच्या काही संगणकांवर अशी फाइल मूळ प्लेअरमध्ये उघडावयास गेल्यास एक जोड विकत घ्यावयास सांगितले जाते. शिवाय ही घडी उलगडण्यास संगणकाला अधिक श्रम पडतात. जुन्या यंत्रावर चित्र अडखळत असेल, तर दोष नेहमी प्लेअरचाच असतो असे नाही.

ध्वनीचा हिशेब

ध्वनीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. संगीताच्या सीडीवर दर सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनीचे माप नोंदलेले असते, आणि एका मिनिटाच्या संगीतास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. अर्ध्या तासाचा एक ख्याल म्हणजे ३०० मेगाबाइट झाले. तोच ख्याल मध्यम प्रतीच्या एमपी३ मध्ये सुमारे ३० मेगाबाइटांत मावतो. ही बचत, कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग वगळून साधलेली असते. याउलट २००१ साली आलेल्या फ्लॅक पद्धतीत काहीही वगळले जात नाही. जागा मात्र साधारणतः निम्मीच वाचते.

यावरून गृहस्थाने एक साधा नियम करावा. बाजारातील गाण्यांसाठी एमपी३ पुरेसे आहे. परंतु घरच्या दुर्मिळ ध्वनिफितीवरून संगणकावर मुद्रण करावयाचे असेल, तर मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी व ऐकण्यासाठी तीवरून एमपी३ करावी. उलट मार्गाने काही साधत नाही. एमपी३ वरून फ्लॅक केल्याने फाइल मोठी होते, पण एकदा गाळलेला स्वर परत येत नाही.

कंपन्या येतात आणि जातात

प्लेअर व संगीताची दुकाने यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास बोधप्रद आहे. १९९५ साली रिअलऑडिओ आले, आणि मंद गतीच्या दूरध्वनी-जोडणीवरही गाणी ऐकता येऊ लागली. त्या काळी त्या स्वरूपात उतरवून घेतलेल्या फाइली आजच्या अनेक प्लेअरांना परक्या वाटतात. १९९७ मध्ये विनॅम्प आला व लवकरच तरुणांच्या संगणकांवर तो सर्रास दिसू लागला. तो बंद करण्याचा निर्णय २०१३ साली जाहीर झाला आणि पुढे तो दुसऱ्या हाती गेला. तथापि विनॅम्पवर ऐकणाऱ्यांचा एमपी३ संग्रह वाया गेला नाही, कारण ते स्वरूप कोणा एका प्लेअरचे नव्हते. त्या पद्धतीच्या परवान्यांचा व्यवहारही २०१७ साली संपला, आणि आता ती सर्वांना मोकळी आहे.

आपल्या देशातील उदाहरणही पाहण्यासारखे आहे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान उघडले आणि २०१३ च्या मध्यास ते बंद केले. तेथील गाणी साध्या एमपी३ स्वरूपात, कुलूप न लावता विकली जात. त्यामुळे ज्यांनी ती उतरवून जपून ठेवली, त्यांच्याजवळ ती आजही वाजू शकतात. उलटपक्षी एअरटेलने २०२४ साली विंक ही संगीतसेवा बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तीवरील गाणी श्रोत्यांच्या मालकीची नव्हतीच. मासिक वर्गणी भरून गाणी ऐकण्यात गैर काही नाही. मात्र ते भाड्याचे घर आहे. घरचा ठेवा त्यात ठेवावयाचा नसतो.

शंकूच्या चिन्हाचा प्लेअर

या सर्व कसोट्यांस सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने उतरणारा प्लेअर म्हणजे व्हीएलसी होय. नारिंगी शंकूचे त्याचे चिन्ह बहुतेकांनी पाहिलेले असेल. त्याचा उगम पॅरिसजवळील एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. १९९६ च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातील संगणकांच्या जाळ्यावरून चलच्चित्रे पाठविण्याचा खटाटोप आरंभिला. रस्त्यावरील वाहतुकीचे शंकू गोळा करण्याचा त्यांना नाद होता, आणि तेच पुढे ह्या प्लेअरचे चिन्ह झाले. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो मुक्त परवान्याखाली जगाला खुला करण्यात आला. त्याची मूळ संहिता कोणीही वाचू शकतो व सुधारू शकतो. तो विंडोज, मॅक, लिनक्स यांवर तसेच फोनवरही चालतो. त्यात जाहिराती नाहीत, आणि शेकडो प्रकारच्या घड्या उलगडण्याची विद्या त्याच्यात आधीच भरलेली असल्याने निराळा कोडेक सहसा शोधावा लागत नाही.

फुकट आणि मुक्त यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. फुकट वस्तूचा कर्ता थांबला, की ती वस्तूही थांबते. मुक्त वस्तूचे तसे नसते. मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमा हा विंडोजवरील हलका व चांगला प्लेअर. त्याच्या मूळ मंडळींनी २०१७ साली काम थांबविले, परंतु संहिता खुली असल्यामुळे दुसऱ्याने ते पुढे चालविले.

२०२२ साली भारतात एक अडचण उद्भवली होती. फेब्रुवारीच्या सुमारास व्हीएलसीच्या निर्मात्यांचे संकेतस्थळ आपल्या देशातून उघडेनासे झाले, आणि कायदेशीर नोटीस दिली गेल्यानंतर नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळात ज्यांच्याकडे प्लेअर आधीच बसविलेला होता, त्यांचे काही अडले नाही. आपल्या संगणकावर असलेले साधन जाळ्यावाचून चालते, हा लाभ लहान नव्हे.

संगीतप्रेमींची निराळी गरज

चित्रपट पाहण्यास जे उत्तम, तेच मोठ्या संगीतसंग्रहास सोयीचे असेल असे नाही. हजारो गाणी गायक, राग, संगीतकार यांप्रमाणे लावून पाहावयाची असतील, तर व्हीएलसी थोडा अपुरा वाटतो. विंडोजवर अशा वेळी २००२ पासून उपलब्ध असलेला फूबार२००० उपयोगी पडतो. तो फुकट आहे, मात्र त्याची संहिता खुली नाही. त्याचे रूप साधे आहे, पण दोन फाइलींच्या मध्ये खंड न पाडता तो वाजवितो. बडा ख्याल व छोटा ख्याल दोन फाइलींत विभागलेले असतील, तर ह्या गुणाचे मोल कळते.

तथापि कोणताही प्लेअर नीटनेटक्या संग्रहावाचून पांगळाच आहे. गीतरामायणाचेच पाहा. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या या मालिकेत ५६ गीते आहेत. फाइलींना केवळ गीतांची नावे दिली, तर प्लेअर ती अक्षरानुक्रमे लावील आणि रामजन्मापूर्वीच वनवास घडेल! १, २, ३ असे आकडे घातले, तरी काही यंत्रे १ च्या मागून १० घेतात. म्हणून ०१ पासून ५६ पर्यंत दोन अंकी क्रमांक द्यावेत. तसेच प्रत्येक फाइलीच्या आत माहिती लिहिण्याची सोय असते. तीत गायकाबरोबर कवी, संगीतकार, राग व मुद्रणाचे वर्ष मराठीतच लिहावे. ही माहिती फाइलीबरोबर राहते. प्लेअर बदलला तरी ती पुसली जात नाही.

शिकणाऱ्यांसाठी आणि परप्रांतीच्या मुलांसाठी

गाणे शिकणाऱ्यास गती कमी करण्याची सोय मोलाची वाटेल. व्हीएलसीमध्ये स्वराची पट्टी न बदलता लय निम्मी करता येते, आणि एखादी तान दोन खुणांच्या मध्ये पुनःपुन्हा फिरविता येते. गुरूच्या सहवासाची बरोबरी त्याने होणार नाही. परंतु रियाजाला चांगला आधार मिळेल.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलांना ऐकलेले मराठी कळते, पण वाचण्याचा सराव राहत नाही. मराठी उपशीर्षकांसह चित्रपट पाहिल्याने कान व डोळा यांची सांगड बसते. उपशीर्षकांची फाइल चित्रपटाच्याच नावाने त्याच्याच शेजारी ठेवावी, म्हणजे प्लेअर ती आपोआप उचलतो. अक्षरांऐवजी चौकोन वा प्रश्नचिन्हे दिसल्यास सेटिंगमध्ये यूटीएफ-८ निवडून देवनागरी टंक ठरवावा, आणि जोडाक्षरे नीट जुळतात ना, हे पाहावे. अक्षरे बोलण्याच्या मागेपुढे धावत असतील, तर व्हीएलसीत कळफलकावरील जी आणि एच ह्या कळांनी ती जुळविता येतात.

घरच्या घरी परीक्षा

नवा प्लेअर घेताना काही सावधगिरी बाळगावी. तो निर्मात्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा संगणकाच्या अधिकृत दुकानातूनच उतरवून घ्यावा. ‘हा चित्रपट पाहण्यासाठी अमुक कोडेक बसवा’ अशी पाटी अनोळखी ठिकाणी दिसल्यास ती तत्काळ बंद करावी. त्या मिषाने संगणकात उपद्रवी आज्ञावली घुसविण्याची युक्ती फार जुनी आहे. काही प्लेअरांत आवाज शंभर टक्क्यांच्या पुढे नेता येतो. क्षीण मुद्रणासाठी ही सोय आहे. तिचा नित्य वापर कानांस व ध्वनिवर्धकास सारखाच घातक.

यानंतर कुटुंबाने एका रविवारी बसून घरातील पाच वस्तू निवडाव्यात: लग्नाची जुनी व्हीसीडी, साध्या फोनवर मुद्रित केलेला एखादा आवाज, नव्या फोनवरील चित्रण, एमपी३ गाण्यांचा एक संच आणि उपशीर्षके असलेला एक चित्रपट. जो प्लेअर ह्या पाचही वस्तू तक्रार न करता, जाळे बंद असताना, नाव-पत्ता न विचारता चालवील, तो आपल्या घरास योग्य. संगणकाबरोबर आलेला प्लेअर या परीक्षेत उतरला, तर दुसरा शोधण्याचे कारण नाही. मात्र विंडोजच्या मूळ प्लेअरमधून डीव्हीडी चालविण्याची सोय २०१२ च्या विंडोज ८ पासूनच गेली आहे, हे लक्षात ठेवावे.

व्हीसीडीची परीक्षा मात्र लांबणीवर टाकू नये. नव्या संगणकांत तबकडी घालण्याची जागाच बहुधा नसते, आणि तबकडीवरचा चकचकीत थर कालांतराने खराब होतो. बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह कोणाकडून मागून आणावा, तबकडीतील एमपीईजीएव्ही नावाच्या कप्प्यातील डॅट फाइल संगणकावर उतरवावी, आणि तिची एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरी ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रात कोण कोण दिसते, तेही त्याच वेळी लिहून घ्यावे. उत्तमातला उत्तम प्लेअर चित्र दाखवील. पण मांडवाच्या कोपऱ्यात हसत उभी असलेली ती बाई कोण, हे तो सांगू शकणार नाही.